फुलझाडांची छाटणी

बागेचा नाद असलेल्या माणसाला झाड लावता येते, पाणी घालता येते, खताची पाटी ओतता येते. हात अडतो तो कात्री उचलल्यावर. आपणच वाढविलेली हिरवी फांदी आपणच कापावयाची, ही गोष्ट मनाला सहजासहजी पटत नाही. मग एक तर झाडाला हातच लावला जात नाही आणि चार वर्षांत गुलाबाचे नुसते काटेरी रान होते. किंवा एखाद्या सुटीच्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळे झाड एका उंचीवर भादरले जाते. या दोहोंच्या मध्ये जी विद्या आहे, तिला छाटणी म्हणतात. ही विद्या कोणाच्या हातून घडत आली, आणि ग्रंथांतून आलेल्या तिच्या वेळा दख्खनच्या मातीत कशा बदलाव्या लागल्या, याचा थोडा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

आपल्या जुन्या वाङ्मयात फांदी तोडण्याचा उल्लेख प्रथम भेटतो तो गुन्हा म्हणून. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराच्या उपवनांतील फुलझाडे, फळझाडे व सावलीची झाडे यांना इजा करणाऱ्यासाठी दंड सांगितले आहेत. कोवळे कोंब तोडल्यास सहा पण, लहान फांद्या तोडल्यास बारा, मोठ्या फांद्या तोडल्यास चोवीस. बुंध्याला हात घातला किंवा झाड उपटले तर त्याहून जबर. फुले, फळे व सावली देणारी झुडपे आणि वेली असतील तर याच्या निम्मा दंड. हा दंडाचा चढता क्रम मोठा मार्मिक आहे. कोंब, डहाळी, फांदी आणि खोड यांचे मोल सारखे नाही, हे त्या शास्त्रकाराला ठाऊक होते. कोंब गेला तर झाड तो पंधरवड्यात भरून काढते; मोठी फांदी गेली तर दोनचार वर्षे जातात. आजचा माळीसुद्धा शिकाऊ पोराला हेच पहिल्यांदा सांगतो. मात्र अर्थशास्त्राच्या या कलमांना तोडणारा दिसतो तो केवळ उपद्रवी म्हणून. झाडाच्या हितासाठी कोणी शस्त्र धरील, ही कल्पना तेथे नाही.

ती कल्पना स्पष्टपणे येते सहाव्या शतकात, उज्जयिनीच्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत. ज्योतिष, पर्जन्य, वास्तू, रत्ने यांच्या त्या अफाट ग्रंथात वृक्षायुर्वेदाचे एक छोटेसे प्रकरण आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडाला रोग होतो, असे सांगून तो लक्षणे देतो : पाने पांढुरकी पिवळी पडणे, पालवी न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे. यावर पहिला उपचार शस्त्राचा. रोगट भाग शस्त्राने काढून जागा शुद्ध करावयाची. मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप जखमेवर द्यावयाचा आणि दूध मिसळलेले पाणी घालावयाचे. ही भाषा शल्यवैद्याची आहे. झाड हा रुग्ण, फांदीचा काप ही जखम आणि लेप ही मलमपट्टी. त्याच प्रकरणात दाटीने लावलेली, एकमेकांना भिडलेली आणि मुळांत मुळे गुंतलेली झाडे पीडित होतात व नीट फळत नाहीत, असाही इशारा आहे. हवा आणि उजेड यांचा विचार छाटणीच्या मुळाशी असतो, तो येथे लागवडीच्या अंतराच्या रूपाने आला आहे.

पुढे सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा स्वतंत्र ग्रंथच या विषयावर झाला. त्यात झाडांचे रोग वात, पित्त आणि कफ या त्रिदोषांवर बसविले आहेत. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती; १९९६ साली डॉ. यशवंत नेने यांच्या सिकंदराबादच्या आशियाई कृषि-इतिहास प्रतिष्ठानाने ती नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. दोन मराठी नावांनी एका विसरलेल्या विद्येला असे पुन्हा उजेडात आणावे, याचा आपल्याला आनंद वाटणे साहजिक आहे.

पण ग्रंथ काही झाडे छाटीत नाहीत. छाटतो तो माळी, आणि माळ्याची विद्या पोथीत नसून हातात असते. महाराष्ट्रात फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी अशी पोटनावे पिकांवरून पडली. म्हणजे कोणत्या झाडाचे ज्ञान कोणत्या घरात, हे नावावरूनच कळत असे. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले आणि फुलांची आरास पुरविण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. हिराबाग, सारसबाग, मोतीबाग, रमणबाग अशी बागांच्या नावांची माळच ज्या शहरात होती, त्या शहरात हा धंदा घराण्याचे आडनाव बदलण्याइतका भरभराटीस यावा, यात नवल नाही. या घरांतून मुलगा बापाच्या पाठीमागे उभा राहून शिके. कोठे काप द्यावा हे बाप बोटाने दाखवी. का, हे बहुधा सांगत नसे.

आणि फुले खुडणे हीदेखील एक छाटणीच, हे येथे सांगितले पाहिजे. झाड फुलते ते बी धरण्यासाठी. फूल देठाशी तसेच वाळू दिले तर झाडाची शक्ती शेंगेत आणि फळात जाते. शंकासुराचे झाड पाहा : शेंगा झाडावर लटकत राहिल्या की नवे तुरे कमी येतात, आणि शेंगा हिरव्या असतानाच काढल्या तर बहर लांबतो. गोकर्णाचेही तसेच. रोज पहाटे परडी घेऊन देवासाठी फुले काढणाऱ्या आजीबाईंना वनस्पतिशास्त्र ठाऊक नसे, पण त्यांच्या अंगणातले झाड शेजाऱ्याच्या झाडापेक्षा अधिक दिवस फुलत असे, आणि शेजाऱ्याला वाटे की हे देवाचे देणे आहे.

माळ्याच्या हातची दुसरी विद्या म्हणजे ताण. आपल्याकडचे डाळिंब, संत्रे, पेरू यांचे बागाईतदार आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे तीन बहार ओळखतात. हवा तो बहार धरावयाचा असेल तर त्याआधी काही आठवडे पाणी तोडावयाचे, आळे उकरावयाचे, पानगळ होऊ द्यावयाची, मग खत घालून पाणी सोडावयाचे. झाड एकदम फुटते. मोगऱ्याला हीच रीत लागू आहे. थंडीत मोगऱ्याचे पाणी कमी करून त्याला विसावा देतात, जुन्या काड्या छाटतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी दिले की नव्या फुटीच्या टोकाला कळ्या येतात. ज्या देशात हिवाळ्याचा बर्फ झाडाला सक्तीने झोपवीत नाही, त्या देशात माळ्याने तहानेच्या मार्गाने ती झोप आणली. युरोपच्या बागकामात या युक्तीला फारसे स्थान नव्हते, कारण तेथे तिची गरजच नव्हती.

प्रत्येक प्रदेशाचे हवामान आपापले पंचांग कसे ठरविते, याचे एक उदाहरण जरा दूरचे, पण मराठी वाचकाला सर्वस्वी परके नसलेले, असे घेऊ. जयपूरच्या दक्षिणेस, टोंकच्या रस्त्यावर, सुमारे चाळीस किलोमीटरवर चाकसू नावाचे जुने गाव आहे. जुन्या लेखनात ते चाटसू म्हणून येते. येथे सापडलेल्या गुहिलवंशी बालादित्याच्या शिलालेखाचे संपादन आपल्या देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी केले. राणी रट्टवा निवर्तल्यावर तिच्या स्मरणार्थ राजाने विष्णूचे मंदिर बांधले, अशी त्यात नोंद आहे. चाकसूपासून फार दूर नसलेल्या तुंगा येथे १७८७ साली महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या फौजा यांची गाठ पडली होती. आज मात्र चाकसूची ख्याती आहे ती शील की डूंगरी या टेकडीवरील शीतलामातेमुळे. चैत्र वद्य अष्टमीला तेथे मोठा मेळा भरतो आणि देवीला आदल्या दिवशी केलेल्या शिळ्या, थंड अन्नाचा नैवेद्य दाखवितात.

या मेळ्याचा छाटणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध ऋतूचा आहे. पुष्कर, हळदीघाटी या राजस्थानी भागांत गुलाबजल आणि गुलकंद यांसाठी जो सुवासिक देशी गुलाब लावतात, त्याच्या मुख्य बहराचे दिवस हेच. त्याला चैती गुलाब असे नावच आहे. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला, गुलाबाचे अत्तर काढल्याचे श्रेय दिले आहे, ते याच प्रकारच्या दमास्कस कुळीच्या गुलाबांतून. हा गुलाब वर्षातून एकदाच भरभरून फुलतो. तो छाटावयाचा थंडीत, झाड जवळजवळ निद्रिस्त असताना. मग थंडी ओसरली की नवी फूट, आणि मार्च-एप्रिलमध्ये फुले. येथे एक गंमतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. चाकसूची चैत्र वद्य अष्टमी ही आपल्या पंचांगातली फाल्गुन वद्य अष्टमी होय. उत्तरेकडच्या बागवानाने सांगितलेला महिना जसाच्या तसा पुण्याच्या पंचांगात शोधणारा माणूस, हवामानाचा फरक सोडून दिला तरी, वद्य पक्षापुरता चक्क एक महिना चुकेल.

एका देशातल्या भाषांत जर ही तऱ्हा, तर साहेबाच्या पुस्तकाची काय कथा! एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या मडमा आपापल्या बंगल्यांभोवती विलायती गुलाब लावू लागल्या. विलायतेत गुलाब वसंतारंभी, मार्चच्या सुमारास, छाटण्याची रीत आहे, आणि तिला तेथे सबळ कारण आहे. हिवाळ्याआधी छाटले तर कापाखालून निघालेली कोवळी फूट दंवाने आणि बर्फाने जळते. म्हणून बर्फ सरल्यावर कात्री धरावयाची. तीच तारीख दख्खनमध्ये पाळली तर काय होईल? मार्चमध्ये छाटलेल्या गुलाबाची कोवळी फूट एप्रिल-मेच्या उन्हात सापडेल. नुकत्या उघड्या पडलेल्या खोडाची साल भाजेल आणि फुले आली तरी दुपारपर्यंत करपतील. नियम तोच, झाड तेच. बदलले ते आकाश.

म्हणून येथल्या बागांतून स्वतंत्र वेळापत्रक तयार झाले. बंगालमध्ये फर्मिंजर या धर्मोपदेशकाने, तर पुण्याजवळ गणेशखिंडीच्या वनस्पतिउद्यानाशी संबंध असलेल्या वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर ग्रंथ लिहिले, ते हीच अडचण ओळखून. गणेशखिंडीची बाग १८७३ ची. पूर्वी सोल्जर्स गार्डन म्हणून ओळखली जाणारी पुण्याची एम्प्रेस गार्डन पुढे कृषि-उद्यान संस्थेकडे आली आणि तिच्या पुष्पप्रदर्शनांनी हौशी बागवानांच्या पिढ्या घडविल्या. दख्खनमध्ये गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरात, हस्ताचा पाऊस सरल्यावर, आणि दुसरी हलकी छाटणी पावसाच्या तोंडाशी, असा परिपाठ पडला. ऑक्टोबरात छाटलेले झाड साधारण सहा ते सात आठवड्यांत फुलते. म्हणजे स्वच्छ, कोरड्या, थंड हवेत आपल्याकडचे सर्वांत मोठे आणि रंगाला चढलेले गुलाब मिळतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदारांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत हेच दुहेरी वळण दिसते. जुने माळी ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर गुलाबाच्या मुळ्याही काही दिवस उघड्या टाकीत. ती बहाराच्या ताणाचीच नक्कल होती. आजच्या कलमी गुलाबांना ती सहसा मानवत नाही, आणि माहीतगार लोकांनी ती सोडून दिली आहे. स्वतंत्र भारतात डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांच्यासारख्या कृषिशास्त्रज्ञाने 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ १९६६ साली लिहिला, तेव्हा या देशातल्या गुलाबाला या देशाच्या ऋतूंतून लिहिलेले अधिकृत पुस्तक लाभले.

हत्याराचीही एक कहाणी आहे. माळ्याजवळ पूर्वी कोयता, विळा आणि चाकू असे. दोन पात्यांची स्प्रिंगची छाटणी-कात्री, जिला आपले बागाईतदार सिकेटर म्हणतात, ती फ्रान्समध्ये बर्त्रां द मोलव्हिल या उमरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढली. हा गृहस्थ राज्यक्रांतीच्या काळात सोळाव्या लुईच्या दरबारी नौखात्याचा मंत्री झाला होता. चाकूने काप देणाऱ्या जुन्या माळ्यांनी या कात्रीला नाके मुरडली. ती काडी कापण्याऐवजी चेचते, अशी त्यांची तक्रार. धार बोथट असेल तर तक्रार आजही खरी आहे.

झाड छाटल्यावर फुटते का, याचे उत्तर मिळण्यास मात्र १९३३ साल उजाडावे लागले. थीमन आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी वालाच्या जातीच्या एका शेंगवर्गीय रोपावर प्रयोग केले. रोपाचा शेंडा खुडला की बगलेतले डोळे फुटतात. पण खुडलेल्या जागी ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक लावले तर ते डोळे झोपलेलेच राहतात. म्हणजे शेंडा हा खालच्या डोळ्यांना रासायनिक निरोप पाठवून दाबून ठेवीत असतो. शेंडा काढला की निरोप थांबतो आणि खालचे डोळे जागे होतात. पुढच्या संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली आहे, पण मूळ गोष्ट टिकली. त्यावरून बागेतला एक व्यावहारिक नियम आपोआप निघतो. कापाच्या लगेच खालचा डोळा प्रथम फुटणार. तेव्हा तो डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूस तोंड करून असेल असे पाहून, त्याच्या पाव इंच वर, तिरपा काप द्यावयाचा. आत तोंड केलेल्या डोळ्यावर काप दिला तर फांदी झाडाच्या पोटात शिरते, तेथे दाटी होते, ओल टिकते आणि बुरशी येते.

वराहमिहिराच्या लेपाचे काय झाले, हे सांगावयास हवे. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे उभी चिरून पाहिली आणि झाड जखम भरून काढीत नाही, तर ती आतून भिंती घालून कोंडून टाकते, असे दाखविले. जखमेवर रंग वा डांबर फासल्याने आतली कुज थांबत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोठ्या वृक्षांना तो लागू मानला जातो. गुलाबाची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडे छाटलेल्या काडीच्या टोकापासून काळेपण खाली उतरत जाते आणि बघता बघता सगळी फांदी वाळते. हा शेंडेमर रोग, डिप्लोडिया बुरशीचा. तिचा शिरकाव अडविण्यासाठी कापावर मोरचूद आणि चुना यांची बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आपल्या बागांतून रूढ आहे. वावडिंग आणि तूप जाऊन मोरचूद आला, पण कापलेल्या जागेची राखण करावी ही भावना दीड हजार वर्षे तशीच राहिली. वाळलेला भाग काढताना पांढरा, निरोगी गाभा दिसेपर्यंत मागे यावयाचे, हा नियम तर बृहत्संहितेतल्या शुद्धीचाच म्हटला पाहिजे.

सगळ्या झुडपांना एकच माप लावण्याची चूक अलीकडे फार वाढली आहे, आणि तिच्याबद्दल मला थोडे रागाने बोलावेसे वाटते. शहरांतल्या चौकांतून आणि सोसायट्यांच्या आवारांतून जास्वंद, तगर, बोगनवेल यांचे गोल चेंडू आणि चौकोनी ठोकळे करण्याची टूम निघाली आहे. यंत्राची कात्री दर महिन्याला फिरते. ही तिन्ही झाडे नव्या फुटीवर फुलतात; फूट कळीला येण्याआधीच कापली गेली तर फूल येणार कोठून? चेंडूच्या वरच्या थरात पानांची दाट साल तयार होते, आत उजेड जात नाही आणि आतल्या काड्या वाळत जातात. वरून हिरवे, आतून मेलेले असे हे झाड पाचसात वर्षांत उपटून टाकतात आणि ठेकेदार नवे लावतो. मेंदीच्या कुंपणाला जे योग्य, ते फुलझाडाला योग्य नव्हे. बोगनवेलीला बहर सरल्यावर एकदा कडक छाटले की पुरते. जास्वंदीच्या जुन्या काड्यांपैकी एकतृतीयांश दरसाल तळाकडून काढल्या तर झाड कधी म्हातारे होत नाही. पारिजातकाला हात लावावयाचा तो फुलांचा हंगाम संपल्यावर. पावसाळ्याच्या आरंभी कात्री चालविली तर शरदातला सडा गेला म्हणून समजावे. कण्हेर छाटताना तिचा चीक विषारी असतो, एवढे ध्यानात ठेवून हात धुवावेत आणि काड्या गुरांपुढे पडू देऊ नयेत. कलमी गुलाबाच्या बुडाशी, डोळा भरलेल्या जागेच्या खालून, खुंटाचा रानटी फुटवा येतो; तो मोठा जोमदार दिसतो आणि नवशिका त्यालाच जपतो. तो मुळापासून ओढून काढला नाही तर दोन वर्षांत कलम मरून नुसता खुंट उरतो.

गुलाबाच्या धंद्याचे पंचांग मात्र आता आणखी एकदा बदलले आहे. मावळ तालुक्यात, तळेगावच्या परिसरात, हरितगृहांतून निर्यातीचे लांब देठाचे गुलाब होतात. तेथले बागाईतदार हस्ताकडे पाहत नाहीत. ते १४ फेब्रुवारीकडे पाहतात. त्या दिवशी जगभर गुलाबांना मागणी असते, म्हणून तेथपासून उलटे दिवस मोजून डिसेंबरात छाटणी करावयाची, आणि थंडी जास्त पडली तर फुले उशिरा येतील म्हणून रात्रीच्या तापमानावर डोळा ठेवावयाचा. कित्येक बारीक काड्या तर ते कापीतही नाहीत; नुसत्या वाकवून जमिनीकडे झुकवितात, म्हणजे त्यांची पाने झाडाला अन्न पुरवीत राहतात आणि बुडातून जाड, सरळ धुमारे वर येतात. चार दिवस आधी फुललेला गुलाब शीतगृहात ठेवता येतो. चार दिवस उशिरा फुललेला गुलाब पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारात मिळेल त्या भावाने जातो.